इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा : साइक्स घराण्याच्या निमित्ताने नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

माझे सासर यॉर्कशरचे आणि आडनाव साइक्स. या आडनावाचा आणि ते लावणाऱ्या आमच्या घराण्याचा शोध घेताना जी पद्धत उपयोगी पडली, ती नव्याने या कामाला हात घालणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे. इंग्लंडमधल्या कुटुंबांत लग्न करून तिकडे स्थायिक झालेले मराठी लोक आता बरेच आहेत आणि त्यांची मुले कधी ना कधी दोन्हीकडच्या पूर्वजांची चौकशी करतात. मुंबई, पुणे, देवळाली, भुसावळ येथील अँग्लो-इंडियन कुटुंबांपुढे हाच प्रश्न उलट्या दिशेने उभा असतो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही एखाद्या कलेक्टरचा किंवा लष्करी अधिकाऱ्याचा पूर्ववृत्तांत हवा असतो. या तिघांनाही सुरुवात एकाच ठिकाणाहून करावी लागते.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची परंपरा आहे आणि त्र्यंबकेश्वराला गेल्यावर उपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे निघतात. इंग्लंडमध्ये घराण्यानुसार ठेवलेली अशी वही कोठेही नाही. तेथील नोंदी सरकारने, चर्चने, न्यायालयांनी आणि जमीनदारांच्या कचेऱ्यांनी आपापल्या गरजेपुरत्या ठेवल्या आणि त्या सगळ्या ठिकाणानुसार लावलेल्या आहेत. म्हणून केवळ आडनाव हातात घेऊन शोधाला बसू नये. अमुक वर्षी अमुक गावात राहणारा अमुक माणूस, असे तिन्ही धागे हातात असले तरच दप्तर बोलते. ‘हे आडनाव कोठून आले’ आणि ‘आमचे घराणे कोठून आले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही आरंभीच ध्यानात ठेवावे. दुसऱ्याचे उत्तर बरेचसे हाती आल्याशिवाय पहिल्याकडे वळू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीपूर्वी जमवायची सामग्री

एक जाड वही किंवा वंशावळ मांडण्याची संगणक-प्रणाली, जुन्या नोंदी ऑनलाइन दाखवणाऱ्या फॅमिलीसर्च या संस्थेचे मोफत खाते, जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले देणाऱ्या इंग्लंड आणि वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसचे खाते आणि संबंधित परगण्याचा (म्हणजे काउंटीचा) पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, सीमा दाखवणारा नकाशा, एवढ्यावर काम सुरू होते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे जुने सहा इंची (मैलाला सहा इंच प्रमाणाचे) नकाशे मोफत उपलब्ध केले आहेत आणि त्यांत इंग्लंडचेही नकाशे आहेत. एकेक वाडी, शेतघर आणि गिरणी त्यांवर दिसते. अँसेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या जुन्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळांची वर्गणी पहिल्याच दिवशी भरण्याचे कारण नाही, कारण इंग्लंडमधील अनेक सार्वजनिक वाचनालयांत त्या सेवा फुकट वापरता येतात. वर्गणी भरायचीच असेल, तर शोधायच्या नावांची यादी पुरेशी लांब झाल्यावर भरावी.

१. घरातील कागद आणि घरातील माणसे

सर्वांत वयस्कर नातेवाइकांशी आधी बोलावे. नावे आणि तारखा विचारल्या की म्हातारी माणसे गोंधळतात. त्याऐवजी कोण कोठे राहत होते, कोणत्या चर्चमध्ये जात होते, कोणत्या गिरणीत कामाला होते, कोणाच्या लग्नाला कोण आले नव्हते, असे विचारावे. त्यातून नावे आपोआप निघतात. घरातील बायबल अवश्य उघडून पाहावे. जुन्या घरगुती बायबलात जुन्या आणि नव्या करारांच्या मध्ये किंवा मुखपृष्ठामागे कोरी पाने असत आणि त्यांवर जन्म, विवाह, मृत्यू लिहिले जात. सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हातच्या असतील, तर त्या नंतर कोणीतरी आठवणीने बसून लिहिल्या आहेत असे समजावे. प्रत्येक वेळी वेगळी शाई, वेगळे वळण दिसले तर विश्वास वाढतो.

आमच्याकडे आजेसासूबाईंनी जपलेली काळ्या किनारीची अंत्यविधीची कार्डे होती. हाताच्या पंज्याएवढे जाड कार्ड, मधोमध मृताचे नाव, वय, मृत्यूची तारीख आणि खाली दफनभूमीचे नाव. पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात मिसळून गेलेली ही कार्डे फेकून देण्याच्या बेतात होती. अशी कार्डे, सैन्यातून सुटल्याचे दाखले, कबरीच्या जागेच्या पावत्या आणि विम्याची पुस्तके यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. ऐकीव माहितीही लिहून ठेवावी, पण तिच्यापुढे ‘सांगीव’ असा शेरा मारावा. ‘आपण मूळचे नॉर्मन सरदार’ ही कथा जवळजवळ प्रत्येक इंग्रज घरात ऐकायला मिळते.

२. १८३७ नंतरचे दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १८५५ पासून आहे आणि तेथील यंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे, त्यामुळे पूर्वज स्कॉटिश असतील तर पुढील सूचना जशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

कामाची रीत अशी. आजेसासऱ्यांचा जन्मदाखला मागवला की त्यावर वडिलांचे नाव आणि व्यवसाय, तसेच आईचे नाव माहेरच्या आडनावासह मिळते. या दोन नावांवरून त्या जोडप्याचा विवाह शोधायचा. विवाहाच्या दाखल्यावर वराच्या आणि वधूच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात. वराचे वय आणि वडिलांचे नाव यांवरून वराचा जन्म शोधायचा आणि हेच चक्र एकेक पिढी मागे फिरवत न्यायचे. मधली पिढी गाळून उडी मारली की हमखास दुसऱ्याच घरात जाऊन पडतो. विवाहाच्या दाखल्यावर आईचे नाव ४ मे २०२१ पर्यंत घालतच नसत, त्यामुळे त्याच्या आधीच्या दाखल्यांत ते शोधत बसू नये. जन्मपत्रिकेच्या हौसेने जन्मवेळ पाहू जाल तर तीही साधारणपणे मिळणार नाही. इंग्लंडच्या दाखल्यावर वेळ लिहिलेली दिसली, तर बहुधा जुळे आहे असे समजून दुसऱ्या भावंडाचा शोध घ्यावा.

दाखला मागवण्यासाठी सूचीतील वर्ष, तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पृष्ठ हवे. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी जुन्या सूचीवरून केलेली मोफत यादी शोधायला फार सोयीची आहे, पण तिच्यात आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत ते १८३७ पासून दिलेले आहे. साइक्ससारख्या आडनावात या एका गोष्टीने सगळे पारडे फिरते. यॉर्कशरमधल्या एकट्या हडर्सफील्ड जिल्ह्यात एका तिमाहीत जॉन साइक्स नावाची अनेक मुले सापडू शकतात आणि त्यांतले आपले कोणते, हे आईच्या माहेरच्या आडनावावरूनच ठरते. ती जागा रिकामी असेल, तर मूल बहुधा विवाहबाह्य असून त्याने आईचेच आडनाव लावलेले असते. अशा ठिकाणी पित्याची वंशरेषा आणि आडनावाची रेषा एकमेकींपासून सुटतात.

या टप्प्यावर काही खाचखळगे आहेत. तिमाही ही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असल्याने नोव्हेंबरअखेरचे मूल पुढील वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकते. पहिल्या काही दशकांत पालकांवर पुरेशी सक्ती नव्हती, ती १८७५ पासून आली, त्यामुळे आधीच्या काळातले काही जन्म नोंदलेलेच नाहीत. विवाहाच्या दाखल्यावर वयाऐवजी ‘पूर्ण वयाचा’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ २१ किंवा त्याहून अधिक. विधवेचा पुनर्विवाह असेल, तर ती पहिल्या नवऱ्याच्या आडनावाखाली सापडते. वडिलांचा ठाव नसलेल्या माणसाने लग्नात प्रतिष्ठेसाठी कोणाचे तरी नाव वडील म्हणून सांगितल्याचेही प्रकार आहेत.

३. जनगणनेची पाने

इंग्लंडमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली, पण घरोघरच्या माणसांची नावे देशभर पद्धतशीरपणे टिकून आहेत ती १८४१ पासून. त्या वर्षीच्या नोंदीत १५ वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणजे २९ वर्षांचा माणूस २५ चा दिसतो. नाते लिहिलेले नाही आणि जन्मस्थानाच्या रकान्यात ‘याच परगण्यात, होय की नाही’ एवढेच आहे. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते, वय आणि जन्माचे पॅरिश मिळू लागते. जो पूर्वज १८५१ च्या जनगणनेपर्यंत जगला, त्याच्यामुळे शोध एकदम सोपा होतो, कारण त्याचे जन्मगाव कळते आणि चर्चच्या दप्तराचा दरवाजा उघडतो.

हडर्सफील्डच्या पश्चिमेकडील कोल्न नदीच्या खोऱ्यातले असे एक पान जवळून पाहिले तर काय काय दिसते पाहा. कुटुंबप्रमुख हातमागावर लोकरी कापड विणणारा, त्याची बायको, गिरणीत तुटलेले धागे जोडायला जाणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पाळण्यातली मुलगी, सोबत राहणारा विधुर सासरा आणि शेवटी एक भाडेकरू. सासऱ्याच्या आडनावावरून बायकोचे माहेर कळते. भाडेकरू म्हणून लिहिलेला माणूस पुष्कळदा दूरचा नातेवाईक निघतो. शेजारची दोन-तीन घरेही उतरवून घ्यावीत, कारण भाऊ आणि चुलते लगतच राहत.

नात्यांचे इंग्रजी शब्द आपल्या काटेकोर नातेवाचक शब्दांसारखे नाहीत. जुन्या नोंदींत ‘सन-इन-लॉ’ म्हणून लिहिलेला मुलगा जावई नसून बायकोच्या पहिल्या लग्नाचा सावत्र मुलगा असू शकतो. ‘कझिन’ म्हणजे कोणताही आप्त.

१९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड आणि वेल्सची कागदपत्रे १९४२ च्या डिसेंबरात आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. ही पोकळी भरून काढते ती २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही. तिच्यात जन्मतारखा आहेत आणि पुढे लग्न झालेल्या स्त्रियांची सासरची आडनावेही नंतर वरून लिहिलेली आहेत. १८८१ ची जनगणना फॅमिलीसर्चवर मोफत शोधता येते. सराव करायला तीच घ्यावी. प्रत्येक पानाचा संदर्भ क्रमांक, उदाहरणार्थ १८८१ साठी आर-जी ११ आणि त्यापुढील आकडे, वहीत लिहिल्याशिवाय पुढच्या पानाकडे जाऊ नये.

४. पॅरिशची दप्तरे

१८३७ च्या मागे जायचे तर चर्चची दप्तरे हाच मुख्य आधार. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे सुरू झाले. सगळीकडची दप्तरे १५३८ पासून टिकलेली नाहीत आणि यादवी युद्ध व त्यानंतरच्या राजाविना काळात, म्हणजे साधारण १६४२ ते १६६०, बऱ्याच ठिकाणी खंड पडला आहे. १५९८ पासून दर वर्षी नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवण्याची प्रथा पडली; मूळ वही कुजली, जळाली किंवा अक्षर लागत नसेल तर ही नक्कल पाहावी. हडर्सफील्डच्या परिसरासाठी अशा जुन्या नकला यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मूळ दप्तरे वेस्ट यॉर्कशर आर्काइव्ह सर्व्हिसकडे असून त्यांची छायाचित्रे अँसेस्ट्रीवर पाहता येतात.

येथे सर्वांत आधी समजून घ्यायचे ते पॅरिश म्हणजे काय. दक्षिण इंग्लंडमध्ये ते पुष्कळदा एका गावाएवढे असते. उत्तरेकडे डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागात एका पॅरिशमध्ये अनेक वस्त्या असत आणि मुख्य चर्च लांब पडत असल्याने मधे उपचर्चे बांधलेली असत. स्लेथवेट हे हडर्सफील्ड पॅरिशमधले असे उपचर्चाचे ठिकाण. हॉनली आणि मेल्थम ही आल्मंडबरी पॅरिशमधली. त्यामुळे एकाच जोडप्याचे लग्न मुख्य चर्चमध्ये, मुलांचे बाप्तिस्मे उपचर्चमध्ये आणि आजोबांचे दफन तिसऱ्याच ठिकाणी, असे होऊ शकते. शिवाय स्लेथवेटचे लोक आपल्या गावाचे नाव ‘स्लाउइट’ असे उच्चारतात. बाहेरून आलेल्या कारकुनाने ते जसे ऐकले तसे लिहिले, हे लक्षात घेतले नाही तर गाव डोळ्यांसमोर असून सापडत नाही.

आडनावाचेही तसेच. लिहिता न येणारा माणूस आपले नाव सांगे आणि पाद्री किंवा त्याचा कारकून ते लिही. साइक्स हे नाव वाय घालून, आय घालून, शेवटच्या एसशिवाय, अशा अनेक प्रकारे लिहिलेले आढळते आणि एकाच भावंडांत दोन वर्णरूपे दिसणे अगदी नेहमीचे आहे. ‘आमच्या घरात वायच लावतात, आय लावणारे ते वेगळे’ हा दावा एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या काळाला लागू पडत नाही. त्यात सूची करणाऱ्यांनी जुने वळणदार अक्षर चुकीचे वाचल्याचे घोटाळे आणखी वेगळे. म्हणून शोधताना अनिश्चित अक्षरांच्या जागी ताऱ्याची खूण वापरावी आणि तरीही न सापडल्यास आडनाव गाळून केवळ नाव, गाव व वर्ष यांवर शोधावे.

तारखांचा सापळा याहून मोठा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. समजा, दप्तरात एका जोडप्याचे लग्न एप्रिल १७२३ मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १७२३ रोजी नोंदलेला आहे. घाईने वाचणारा म्हणेल की मूल लग्नाआधीचे. वस्तुतः तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १७२४ चा, म्हणजे लग्नानंतर दहा महिन्यांचा. अशी तारीख १७२३/२४ अशी जोडून लिहावी. १७५२ मध्येच दिनदर्शिका बदलली आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला.

दप्तरांचे रूप कायद्यांनुसार बदलत गेले आणि ते टप्पे पाठ असावेत. २५ मार्च १७५४ पासून हार्डविक यांच्या कायद्याने विवाहांच्या स्वतंत्र नोंदवह्या आल्या. चर्चमध्ये लग्नाची तीनदा जाहीर घोषणा किंवा परवाना सक्तीचा झाला आणि वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या मिळू लागल्या. सहीच्या जागी फुली असेल तरी साक्षीदारांची नावे नीट वाचावीत, त्यांत भाऊ-बहिणी असतात. १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या, त्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण, तर दफनाच्या नोंदीत वय आहे. यॉर्कशरच्या लोकांचे एक विशेष भाग्य म्हणजे विल्यम डेड या पाद्र्याने सुरू केलेली पद्धत. १७७७ पासून यॉर्कच्या धर्मप्रांतात ती घालून देण्यात आली आणि तिच्यानुसार बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-वडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही माहिती येते. मात्र सगळ्या पॅरिशांनी ती पाळली नाही, दाट वस्तीच्या ठिकाणी तर ती लवकर बारगळली. मिळाली तर एका ओळीत दोन पिढ्या हाती लागतात.

हडर्सफील्डच्या दऱ्याखोऱ्यांत मेथडिस्ट, बाप्टिस्ट आणि इतर स्वतंत्र पंथांचे लोक खूप होते. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना कायदेशीर लग्न सरकारमान्य चर्चमध्येच करावे लागे, पण बाप्तिस्मे आपापल्या चॅपेलमध्ये होत. लग्न सापडते आणि मुले सापडत नाहीत, अशी स्थिती आली की नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्याच्या आर-जी ४ या संग्रहातली पंथीय दप्तरे उघडावीत.

योग्य नावाचा, योग्य गावचा, योग्य वयाचा बाप्तिस्मा सापडला म्हणजे काम झाले असे नाही. त्याच नावाचे मूल लहानपणीच वारले नव्हते ना, हे दफनाच्या नोंदींत पाहिलेच पाहिजे. वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत सर्रास होती. दुसऱ्यांच्या प्रसिद्ध वंशवृक्षांतून नावे उचलणाऱ्यांनी नेमके हेच केलेले नसते. अर्भकावस्थेत पुरलेल्या मुलाला नातवंडे चिकटवलेले वृक्ष मी पाहिले आहेत, आणि ते शेकडो लोकांनी जसेच्या तसे उतरवून घेतलेले असतात.

५. मृत्युपत्रे आणि पॅरिशचे इतर कागद

१२ जानेवारी १८५८ पूर्वी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. यॉर्कशरची बहुतेक बोर्थविकमध्ये, तर कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयाची नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यानंतरची सरकारी प्रोबेट (मृत्युपत्र-सिद्धी) नोंदणीत मिळतात. मृत्युपत्रात मुलींच्या सासरची आडनावे येतात, हा मोठा फायदा. गरीब कुटुंबांची मृत्युपत्रे नसतात, पण १६६२ च्या कायद्यामुळे एखाद्या कुटुंबाचा सांभाळ कोणत्या पॅरिशने करायचा याच्या चौकश्या होत आणि त्या जबान्यांत माणसाचा सगळा जीवनक्रम उतरलेला असतो. श्रीमंतांपेक्षा कधीकधी भिकेला लागलेल्या पूर्वजाचीच माहिती जास्त मिळते ती यामुळे.

६. आडनावाचा अर्थ आणि नकाशा

आता आडनावाकडे वळायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे नॉर्मन विजयानंतर, म्हणजे १०६६ नंतर हळूहळू रुजली. दक्षिणेतील जमीनदारांत आधी, उत्तरेतील सामान्य लोकांत सर्वांत शेवटी, आणि १४०० च्या सुमारास बहुतेकांना स्थिर आडनाव मिळाले होते. ढोबळ मानाने त्यांचे चार प्रकार आहेत : ठिकाणावरून आलेली, व्यवसायावरून आलेली, बापाच्या नावावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. त्यांत ठिकाणावरची आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांप्रमाणे, गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला चिकटत. व्यवसायावरच्या आडनावांतही भूगोल असतो. विणलेले लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्याला आग्नेय इंग्लंडमध्ये फुलर, नैर्ऋत्येकडे टकर आणि उत्तरेत वॉकर म्हणत, त्यामुळे ही तिन्ही आडनावे एकाच धंद्याची असून पूर्वजांचा मुलूख सुचवतात.

साइक्स हे दलदलीच्या जागेतून वाहणाऱ्या छोट्या ओहोळाच्या नावावरून आलेले आहे. असे ओहोळ उत्तर इंग्लंडमध्ये जागोजागी आहेत, म्हणून हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले असेल असेच कोणालाही वाटेल. १८८१ च्या जनगणनेवरून तयार केलेले आडनावांचे नकाशे पाहिले, तर मात्र साइक्स लोकांची दाटी हडर्सफील्डभोवती दिसते. आपल्या आडनावाचा असा नकाशा अवश्य पाहावा. एका ठिकाणी गर्दी असेल, तर उगमही तेथेच जवळपास असण्याचा संभव असतो. स्मिथ किंवा टेलर यांच्याप्रमाणे देशभर विखुरलेले असेल, तर नकाशाची मदत फारशी होत नाही.

अर्थासाठी ऑक्सफर्डने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला ब्रिटन व आयर्लंडच्या आडनावांचा कोश पाहावा. त्यात ४५ हजारांहून अधिक आडनावे जुन्या नोंदींच्या उताऱ्यांसह दिली आहेत. एकाच आडनावाच्या सर्व नोंदी जमवणाऱ्या अभ्यासकांची संस्था, गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज, १९७९ पासून काम करते. आपले आडनाव तेथे आधीच कोणी हाती घेतले असेल, तर त्या व्यक्तीला लिहावे आणि लिहिताना आपण स्वतः जमवलेले काहीतरी सोबत द्यावे. नुसत्या मागणीच्या पत्रांना ते लोक कंटाळलेले असतात.

एक इशारा. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मध्यपूर्वेची वाटणी ठरवली त्या १९१६ च्या साइक्स-पिको करारातले मार्क साइक्स हे यॉर्कशरच्या ईस्ट रायडिंग या पूर्वेकडील विभागातील स्लेडमिअरच्या जमीनदार घराण्यातले. आडनाव एक आहे म्हणून विणकर साइक्सांचा त्यांच्याशी संबंध जोडू नये. शिवाय इंग्लंडमध्ये आडनाव बदलायला परवानगी लागत नाही. १९१७ मध्ये खुद्द राजघराण्याने विंडसर हे नाव घेतले.

७. १५३८ च्या मागे

येथून पुढे सलग वंशावळ बहुधा जमत नाही, आडनावाचे केवळ दर्शन घडते. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम विभागासाठी १३७९ च्या डोईपट्टीची गावनिहाय यादी छापील स्वरूपात आहे. वेकफील्ड मॅनरच्या (जमीनदारीच्या) न्यायालयाच्या नोंदी १२७४ पासूनच्या असून लीड्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. या नोंदी १७३३ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत. नवशिक्याने मूळ गुंडाळ्यांच्या मागे न लागता छापील भाषांतरे वाचावीत. मधल्या काळासाठी १६६२ ते १६८९ मधील चूलपट्टीच्या याद्या उपयोगी पडतात.

८. डीएनए चाचणी

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि आडनावही तसेच, म्हणून आडनावाच्या शोधाला वाय गुणसूत्राचीच चाचणी लागते. सध्या भेट म्हणून दिली जाणारी साधी चाचणी चुलत-मावस नातेवाईक शोधायला ठीक आहे, पण तिने आडनावाचा प्रश्न सुटत नाही. वाय गुणसूत्र स्त्रियांत नसल्याने मला स्वतःला त्याची चाचणी देता येणार नव्हतीच. दीर आणि चुलतसासरे यांना तयार करावे लागले.

योगायोग असा की या विषयातला गाजलेला प्रयोग साइक्स आडनावावरच झाला. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या साइक्स पुरुषांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांचे वाय गुणसूत्र एकाच घडणीचे निघाले. म्हणजे ओहोळ जागोजागी असले तरी या लोकांचा मूळ पुरुष बहुधा एकच. उरलेल्यांत मध्यंतरी कोठेतरी दत्तक, विवाहबाह्य जन्म, आडनावबदल किंवा वेगळा उगम आहे. तिसऱ्या रिचर्ड राजाच्या, २०१२ मध्ये लेस्टरला सापडलेल्या अवशेषांचीही अशीच गंमत झाली. आईकडून येणारा डीएनए जुळला, पण कागदोपत्री पुरुषवंशातले मानल्या गेलेल्यांचे वाय गुणसूत्र जुळले नाही. राजघराण्याच्या तपासून ठेवलेल्या वंशावळीचे हे, तर विणकरांचे काय सांगावे? चाचणीपूर्वी घरातल्या संबंधितांना याची स्पष्ट कल्पना द्यावी आणि त्यांची संमती घ्यावी.

९. मानचिन्हांचे दुकान

आडनाव सांगितले की ‘तुमच्या घराण्याचे’ मानचिन्ह छापून देणारी दुकाने पर्यटनस्थळी असतात. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नाही. हा कारभार १४८४ मध्ये स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्म्स पाहते. कप आवडला तर विकत घ्यावा, पुरावा म्हणून वहीत चिकटवू नये.

१०. धागा हिंदुस्थानात येत असेल तर

मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ या क्रमांकाखाली आहेत. बंगालसाठी एन/१ आणि मद्राससाठी एन/२. यांतील पुष्कळ भाग फाइंडमायपास्टवर पाहता येतो. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची सूची मोफत असून रेल्वे, सैन्य आणि कबरींच्या नोंदी तिच्यात शोधता येतात. सुरुवात तिच्यापासूनच करावी.

साइक्स आडनावाचा आपल्याकडचा सर्वांत ठळक माणूस म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा अधिकारी कंपनीच्या मुंबई सैन्यात होता. पुढे त्याच्याकडे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम आले. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि आपल्या माळरानावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला इंग्रजीत आजही त्याचेच नाव आहे. आमच्या घराण्याशी त्याचा संबंध दाखवणारा एकही कागद मला मिळालेला नाही, म्हणून तो आमच्या वंशवृक्षात नाही.

भारतात इंग्रजी आडनाव असणे म्हणजे इंग्रज पूर्वज असणे, असे गृहीत धरू नये. धर्मांतराच्या वेळी, मिशनच्या अनाथाश्रमात किंवा पलटणीत अशी नावे मिळत. तेव्हा भारतातील शेवटच्या पिढीपासून मागे जात, जो पूर्वज इंग्लंडमध्ये जन्मला असे कागदोपत्री ठरते, तेथपर्यंत आधी पोहोचावे. रेल्वेत किंवा सैन्यात भरती होतानाच्या कागदांवर जन्मगाव मिळण्याची शक्यता अधिक असते. एन/३ मधील नोंद सापडली की खंड आणि पृष्ठ क्रमांक उतरवून घ्यावा आणि केवळ टंकलिखित सूचीवर न थांबता मूळ पानाची प्रतिमा पाहावी, कारण वडिलांची पलटण किंवा हुद्दा पुष्कळदा सूचीत आलेला नसतो.